कोलेस्टेरॉलची गोळी: सकाळी की रात्री?

कोलेस्टेरॉलची गोळी रात्रीच घ्यायची, हे इतक्यांदा कानावर पडतं की सकाळी घेणाऱ्याला आपलं काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. वेळ ठरवण्याआधी गोळ्यांची स्ट्रिप उलटी करून ब्रँडच्या नावाजवळ बारीक अक्षरांत छापलेलं औषधाचं मूळ नाव वाचा. बरंचसं उत्तर तिथेच मिळतं.

रात्रीचा आग्रह निराधार नाही. यकृत कोलेस्टेरॉल बनवतं ते प्रामुख्याने रात्री, आणि स्टॅटिन गटातली औषधं त्यासाठी लागणारं एक एन्झाइम अडवतात. अमेरिकेत 1987 साली मान्यता मिळालेलं लोव्हास्टॅटिन आणि त्यानंतर आलेलं सिमव्हास्टॅटिन ही औषधं शरीरात फार वेळ टिकत नाहीत. काही तासांतच त्यांचा जोर ओसरतो. ती सकाळी घेतली, तर ऐन कामाच्या वेळी त्यांची पकड सैल झालेली असते. म्हणून सिमव्हास्टॅटिन रात्री घ्यावं. साधं लोव्हास्टॅटिन रात्रीच्या जेवणासोबतच घ्यावं, कारण उपाशीपोटी ते नीट शोषलं जात नाही.

अॅटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिनचं गणित वेगळं आहे. अॅटोरव्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे 14 तास लागतात, आणि यकृतात त्याच्यापासून तयार होणाऱ्या घटकांमुळे परिणाम 20 ते 30 तास टिकतो. रोसुव्हास्टॅटिनला निम्मं व्हायला साधारण 19 तास लागतात. सकाळी 8 वाजता घेतलेली गोळी मध्यरात्रीही काम करत असते. जेवणाआधी की नंतर, यानेही फरक पडत नाही.

या दोन औषधांसाठी मी सकाळच्या बाजूने आहे, विशेषतः रक्तदाबाची किंवा थायरॉइडची गोळी सकाळी घेण्याची सवय आधीच असेल तर. रात्री दमून डोळा लागतो, जेवायला उशीर होतो, प्रवास असतो, आणि गोळी राहून जाते. कोलेस्टेरॉल वाढल्याचं काही दुखत-खुपत नाही, त्यामुळे चुकल्याची आठवण शरीर करून देत नाही. पण ज्यांच्या सकाळी धावपळीच्या आणि रात्री निवांत असतात, त्यांनी बेलाशक रात्र निवडावी. स्टॅटिन सुरू झाल्यापासून झोप बिघडली असं वाटत असेल, तर सकाळी घेऊन बघता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

स्टॅटिनखेरीज इतर औषधांत एझेटिमाइब दिवसात केव्हाही चालतं. फेनोफायब्रेटच्या बऱ्याच गोळ्या जेवणासोबत घ्यायच्या असतात. कोलेस्टिरामिनची पावडर मात्र इतर औषधं धरून ठेवते, म्हणून बाकीच्या गोळ्या तिच्या किमान 1 तास आधी किंवा 4 ते 6 तासांनी घ्याव्यात. एझेटिमाइब या पावडरीच्या आधी घ्यायचं असेल, तर किमान 2 तासांचं अंतर हवं.

रोसुव्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड गोळीनंतर 2 तासांनी घ्यावं. सिमव्हास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन आणि अॅटोरव्हास्टॅटिन घेणाऱ्यांना ग्रेपफ्रूटचा धोका आहे, आणि तो गोळीची वेळ बदलून टळत नाही. या फळाचा परिणाम दिवसभर, कधी त्याहून जास्त टिकतो. त्यामुळे औषधाचं प्रमाण वाढून स्नायूंना इजा होऊ शकते.

गोळी चुकली, तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल, तर चुकलेली सोडून द्या. दोन गोळ्या एकदम कधीच घेऊ नका.

वेळ बदलल्यावर पुढच्या तपासणीत एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, अपेक्षेइतकं उतरलं नाही, तर डॉक्टरांकडे जाण्याआधी स्ट्रिपमध्ये किती गोळ्या उरल्यात ते मोजा आणि चुकलेल्या गोळ्यांचा आकडा त्यांना खराखुरा सांगा. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला, तरी एलडीएल साधारण आणखी 6 टक्केच उतरतं. रोजची गोळी न चुकवण्यातून याहून कितीतरी जास्त मिळू शकतं.