सॉकेट पन्नासचं, पॅनेल तीसचंच : ट्रेलरवर दुसरा एसी बसवताना झालेली फसवणूक

आम्ही टेक्सासमध्ये फिफ्थ-व्हील ट्रेलरमध्ये, म्हणजे पिकअपने ओढायच्या चाकांवरच्या घरात राहतो. नवऱ्याचं काम सोलरच्या साइटवर, वर्ष-सव्वा वर्षात गाव बदलतं, म्हणून भाड्याच्या घरापेक्षा हे परवडतं. ट्रेलर ३४ फुटी. त्याची मान पिकअपच्या हौद्यात अडकते आणि बेडरूम त्या मानेवर, तीन पायऱ्या चढून. छतावर एकच एसी, १५,००० बीटीयूचा (हे थंड करण्याच्या ताकदीचं माप), तोही मागे हॉलवर. २०२३ च्या उन्हाळ्यात ऑस्टिनला सलग ४५ दिवस पारा १०० फॅरेनहाइटला (सुमारे ३८ सेल्सिअस) किंवा त्याच्या वर होता, आणि आम्ही तिथून फार लांब नव्हतो. सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. उन्हाची सवय असलेली बाई, पण दुपारी चारला डोक्यावर ओला पंचा घेऊन खाली यायच्या. "अगं, पत्र्याची खोलीसुद्धा एवढी तापत नाही," म्हणायच्या. त्यांना मधुमेह आहे. मला घाई झाली.

आमच्या ट्रेलरची वीज ३० अँपिअरची. म्हणजे १२० व्होल्टची एकच लाइव्ह वायर, सगळं मिळून ३,६०० वॅट. छतावरचा एक एसी चालताना १२ ते १५ अँपिअर ओढतो, सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. ३० वर दोन एसी एकदम धड चालत नाहीत, एवढं मला माहीत होतं. आमच्यासारखे ट्रेलर जिथे भाड्याने उभे राहतात त्या पार्कात येऊन काम करणाऱ्या मेकॅनिकला मी पहिल्यांदा तेच विचारलं. तो म्हणाला, "५० अँपिअर करून देतो. त्याशिवाय मी दुसरा एसी बसवतच नाही." या एका वाक्यावर माझा विश्वास बसला. १३,५०० बीटीयूचा नवा एसी, ५० ची वीज आणि मजुरी धरून ३,६०० डॉलर ठरले. निम्मे आधी, थेट बँकेतून.

साडेचार तासांत काम झालं. बेडरूमच्या छताला हवेच्या पंख्याचं १४ इंची चौकोनी भोक असतं, त्यातच एसी बसतो. बाहेरच्या भिंतीवर त्याने चार पिनांचं मोठं सॉकेट बसवलं, जाड केबल दिली. ती पार्कच्या खांबावर ५० ला लावली, दोन्ही एसी सुरू झाले, सासूबाई दुपारच्या वर जाऊन झोपल्या. मी उरलेले पैसे क्रेडिट कार्डाने दिले.

तिसऱ्या दिवशी मायक्रोवेव्ह लावला आणि त्याच्यासकट बेडरूमचा एसी बंद पडला. हे दोन एकत्र का बंद पडावेत, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. मेकॅनिक फोनवर म्हणाला, दुपारी पार्कात व्होल्टेज पडतं. तसं पडतंही, म्हणून पटलं. तरी मी प्लगमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर आणला. भर दुपारी, दोन्ही एसी चालू असताना, आकडा ११४ च्या खाली गेला नाही. पुन्हा फोन केला तो त्याने उचलला नाही. आठवड्याभरात मायक्रोवेव्हमागून जळक्या प्लॅस्टिकचा वास यायला लागला.

डॅलसच्या महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीचे एक काका जन्मभर वायरिंगची कामं केलेले. रविवारी आले, वीज तोडून त्यांनी झाकण उघडलं. ब्रेकरचं पॅनेल जुनंच, मेन ब्रेकरवर ३० चा आकडा तसाच. बाहेरच्या नव्या सॉकेटमागे लाल वायरीला, म्हणजे दुसऱ्या लाइव्ह वायरीला, टोपी घालून ती भिंतीत कोंबून ठेवली होती. खऱ्या ५० च्या जोडणीत दोन लाइव्ह वायरी आत येतात. दोघींमध्ये मोजलं तर २४० व्होल्ट दिसतात, प्रत्येकीवर ५० अँपिअर मिळतात, मिळून १२,००० वॅट, आणि दोन एसी दोन वेगळ्या बाजूंवर टाकता येतात. आमच्याकडे दुसरी बाजू आत पोचलीच नव्हती. नव्या एसीला स्वतःचा ब्रेकरही नव्हता. तो मायक्रोवेव्हच्या २० च्या सर्किटवर जोडलेला, तोही १४ गेजच्या वायरीने, जिथे १२ गेजची लागते (गेजचा आकडा जितका कमी, तितकी वायर जाड). जोड काळा पडला होता. काकांनी तो मला दाखवला आणि म्हणाले, "बाळ, हा एसी आता लावू नकोस. आईंना वर झोपवूही नकोस." सासूबाई मागेच उभ्या होत्या.

मग ते छतावर चढले. एसीचं पांढरं झाकण कोरं करकरीत, आत कंपनीच्या पट्टीवर साल २०१३. एसी आणि छत यांच्यामध्ये फोमचं गॅस्केट असतं. चारही बोल्ट सारखे आवळले की ते साधारण निम्मं दबतं आणि पाणी अडतं. मेकॅनिकने बोल्ट सैल ठेवून भोवती सीलंट थापलं होतं. पहिल्या पावसात छताला डाग आला.

बँकेतून दिलेले १,८०० डॉलर गेले. कार्डावरचे १,८०० परत मिळाले, कारण काकांनी झाकण उघडलं तेव्हा मी प्रत्येक वायरीचा फोटो काढला होता आणि कार्ड कंपनीला लगेच लेखी कळवलं होतं. अमेरिकेत त्यासाठी बिल आल्यापासून ६० दिवस असतात. टेक्सासच्या जस्टिस कोर्टात, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, २०,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो, पण समन्स पाठवायला माणसाचा पत्ता लागतो. माझ्याकडे फक्त त्याचा फोन नंबर होता. पैसे देण्याआधी पत्ता लेखी घ्या, एसीचा खोका समोर फोडायला लावा, झाकण बसवण्याआधी आतल्या पट्टीचा फोटो घ्या. आणि पॅनेल उघडं असताना तिथे उभं राहा, त्याला कितीही अडचण वाटली तरी.

दुसऱ्या दुकानाने नवं पॅनेल, सहा गेजची केबल आणि एसीसाठी वेगळी वायर टाकायला दीड दिवस घेतला. साडेचार तासांत हे होत नसतं. तिथल्या बाईंनी न सांगता मीटरच्या दोन्ही सुया दोन लाइव्ह वायरींना टेकवल्या आणि मला आकडा दाखवला : २४१. त्या रात्री सासूबाई पुन्हा वर झोपायला गेल्या. जाताना त्यांनी पॅनेलच्या झाकणाला तळहात लावून ते गरम नाही ना, हे बघितलं. अजूनही रोज बघतात.