गड्ड्यावर घेतलेली बाळाची पिशवी

लेक दोन महिन्यांची. तिला आत्यांकडे, म्हणजे सासूबाईंकडे ठेवून आम्ही दोघं तासाभरासाठी गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर जत्रेला, गेलो, आणि होम मैदानावर फसून आलो.

एका स्टॉलवर बाळाला अंगावर बांधायच्या पिशव्या टांगल्या होत्या. एका खांद्यावर अडकवायची, बाळ आत आडवं पडतं, तशातल्या. "घ्या ताई, इंपोर्टेड आहे. पहिल्या दिवसापासून चालतंय. डॉक्टर लोक नेतात. स्कूटीवर पण बिनधास्त!" स्टिकरवर ठळक '०–३६ महिने'. २२०० सांगितले, १४०० ला दिली. घासाघीस जमली म्हणून मीच खूश. बिल मागितलं तर म्हणाला, "गर्दीत कुठलं बिल? आणा की परत, इथंच आहे मी."

चार दिवस वापरली. पाचव्या दिवशी आत्या म्हणाल्या, "अगं, ही घुरघुरतीय का?" वाकून बघितलं तर लेक पिशवीच्या तळाशी दुमडलेली, हनुवटी छातीला टेकलेली, नाक कापडात. बाहेर काढल्यावर मोठ्यानं रडली. ते रडणं ऐकून माझे पायच गळाले.

डॉक्टरांनी तपासलं, ठीक होती. म्हणाले, एवढ्या बाळाला मान सावरता येत नाही. हनुवटी छातीला लागली की श्वासाची वाट अरुंद होते, आणि बाळ धडपडत नाही, गप्प होतं. अशा पिशव्यांबद्दल अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेनं २०१० सालीच इशारा दिला होता, खास करून चार महिन्यांखालच्या बाळांसाठी.

रात्री पिशवी भिजत घातली. स्टिकर सुटून वर तरंगलं. खाली मूळ छपाई: चार महिन्यांपुढे, वजन किमान ५ किलो. माझी लेक ४.२.

दुसऱ्या दिवशी त्या जागी बांगड्यांचा स्टॉल. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन लावला. पण बिल नाही, नाव नाही, तक्रार कोणावर लिहायची?

नंतर डॉक्टरांनीच मैत्रिणीच्या कॅरियरमध्ये लेकीला बांधून दाखवलं. बाळ उभं, छातीशी घट्ट. आपण मान किंचित झुकवली की बाळाच्या टाळूची पापी घेता यावी, चेहरा कायम दिसावा, हनुवटीखाली दोन बोटं मावावीत. गुडघे ढुंगणापेक्षा वर, बेडकासारखे. पाय नुसते लोंबकळले तर खुब्याच्या सांध्याला त्रास. दिवस भरायच्या आधी झालेलं, कमी वजनाचं किंवा सर्दी झालेलं बाळ असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. गॅसपुढे नाही (मी भाकऱ्या थापत होते, काय सांगू), आणि स्कूटीवर तर मुळीच नाही.

पिशवी टाकताना मी कात्रीनं पट्टे कापले. आत्या हळहळल्या, कापड पुसायला चांगलं होतं. पण कचऱ्यातून उचलून कुणी त्यात आपलं बाळ घातलं असतं तर?