पैशांचा अँटीव्हायरस काढून नऊ महिने नुसत्या विंडोजसोबत फुकट येणाऱ्या डिफेंडरवर, माझा अनुभव

बँकेची साइट उघडेना, तिथून हे सगळं सुरू झालं. फायरफॉक्स म्हणतंय कनेक्शन सुरक्षित नाही, मोबाइलवर तीच साइट व्यवस्थित चालतेय, लॅपटॉपची तारीख-वेळ पण बरोबर. तासभर डोकं खाजवल्यावर वॉर्निंगच्या पानावर साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे ती खरी असल्याचा डिजिटल दाखला, उघडून बघितलं तर ते देणाऱ्याच्या जागी नाव माझ्या अँटीव्हायरस कंपनीचं! बँकेच्या सर्टिफिकेटच्या जागी यांचं सर्टिफिकेट. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ही पद्धत बऱ्याच प्रॉडक्टमध्ये असते.

याला एचटीटीपीएस (म्हणजे साइटशी होणारं कुलूपबंद कनेक्शन) स्कॅनिंग म्हणतात. ब्राउझर आणि साइट यांच्या मधे अँटीव्हायरस बसतो, एन्क्रिप्ट केलेला डेटा उघडतो, आत काही वाईट आहे का बघतो आणि परत स्वतःच्या सर्टिफिकेटने बंद करून ब्राउझरला देतो, आणि हे जमावं म्हणून विंडोजच्या विश्वासू रूट सर्टिफिकेटांच्या (ज्यांच्या भरवशावर बाकीची सर्टिफिकेटं खरी मानली जातात, त्यांच्या) यादीत स्वतःचं एक घुसवतो. हेतू वाईट नाही हे मान्य. पण मग समोरची साइट खरी की खोटी हे ब्राउझर तपासतच नाही, ते काम अँटीव्हायरसकडे जातं, आणि त्याने ढिलाई केली तर आपल्याला कळायला काही मार्ग नाही. 2017 मध्ये संशोधकांनी हेच तपासलं होतं आणि बऱ्याच अँटीव्हायरसांमुळे कनेक्शन उलट कमकुवत होतं असं त्यांना दिसलं. सहा वर्षं रिन्यू करतोय मी, हे मला कुणी एका ओळीत तरी सांगायला हवं होतं की नाही?

सपोर्टला चॅट केलं. पहिला म्हणाला वेब स्कॅनिंग बंद करा. अहो, तेच तर तुमच्या जाहिरातीत सगळ्यात वर आहे, ते बंद करायचं तर पैसे कशाचे भरले? दुसऱ्याने रीइन्स्टॉल करायला लावलं, दोन तास त्यात गेले, फरक शून्य. तिसऱ्याने वरच्या प्लॅनची लिंक पाठवली. तिथे माझं डोकं सटकलं आणि मी तो काढायलाच घेतला. तो साधा अनइन्स्टॉल करून पुरता जात नाही हे लक्षात ठेवा, कंपनीचं वेगळं रिमूव्हल टूल सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी गरजेपुरतंच चालू करून) चालवावं लागलं, आणि एवढं करूनही ते रूट सर्टिफिकेट यादीत तसंच होतं, ते मी हाताने काढलं.

विंडोज 8 पासून डिफेंडर पुरा अँटीव्हायरस आहे, दुसरा टाकला की तो आपणहून बाजूला होतो आणि काढला की परत चालू होतो. चालू झाला का ते बघायला अँटीव्हायरस तपासण्यासाठीच बनवलेली आयकारची टेस्ट फाइल वापरली, 68 अक्षरांची निरुपद्रवी फाइल, जिला बहुतेक सगळे अँटीव्हायरस व्हायरस म्हणून पकडतात. सेव्ह करताक्षणी उचलली. पॉपअप नाहीत, रिन्यूअलच्या आठवणी नाहीत, लॅपटॉप चालू व्हायचा वेळही कमी झाल्यासारखा वाटला. काही म्हणजे काही करावं लागत नाही, पैसे वाचले, मी खूश.

इथवर तीन महिन्यांनी लिहून ठेवलं होतं. आता नऊ महिने झाले, आणि वरचं 'काही करावं लागत नाही' मागे घेतो.

एक म्हणजे कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस. रॅन्समवेअरने (फाइल्स लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) डॉक्युमेंट्स-पिक्चर्सला हात लावू नये म्हणून हे आहे, 2017 पासून विंडोजमध्ये आहे, पण मुळात बंद असतं. पैशांचा अँटीव्हायरस असताना ते चालूच करता येत नव्हतं, कारण त्याला डिफेंडरचं रिअल-टाइम प्रोटेक्शन, म्हणजे सतत चालू असणारा पहारा, लागतं. चालू केलं तर दुसऱ्या दिवशी फोटो एडिटर सेव्ह करेना, एरर काय तर फाइल सापडली नाही! अर्धा दिवस मी एडिटरलाच दोष देत बसलो, शेवटी प्रोटेक्शन हिस्टरीत कळलं की डिफेंडरने अडवलंय. एकदा परवानगी दिली की मिटतं, पण माहीत नसलेला माणूस वैतागून अख्खं फीचर बंद करून टाकेल.

दुसरं, मायक्रोसॉफ्टचंच स्मार्टस्क्रीन त्यांच्या एज ब्राउझरमध्ये खोट्या साइटी अडवतं, फायरफॉक्समध्ये नाही, तिथे गुगलच्या सेफ ब्राउझिंगच्या यादीवर काम चालतं. म्हणजे ब्राउझर बदलला की पहारेकरीही बदलतो. आणि हजारो बारीक फाइल्सचं फोल्डर कॉपी करताना किंवा मोठी झिप उघडताना डिफेंडर अजूनही रडवतो, तिथे जुना वेगवान होता, हे प्रामाणिकपणे सांगतो.

भाच्याने मधे एक क्रॅक केलेला गेम टाकायला घेतला होता, सोबतच्या सूचनेत पहिलीच ओळ 'अँटीव्हायरस बंद करा'. त्याने केलाही होता, मी वेळेवर बघितलं. अशा वेळी पैशांचा काय आणि फुकटचा काय, दोन्ही सारखेच निकामी. वॉनाक्राय या रॅन्समवेअरचंही तेच, मे 2017 मध्ये तो पसरला, तर मायक्रोसॉफ्टचा पॅच (भोक बुजवणारा अपडेट) मार्चमध्येच येऊन पडला होता, ज्यांनी अपडेट पुढे ढकलले त्यांना फटका बसला. म्हणून रिन्यूअलच्या पैशात एक्स्टर्नल डिस्क घेतली, दर रविवारी बॅकअप आणि लगेच केबल काढून ठेवायची. लावलेलीच ठेवली तर रॅन्समवेअर तिच्यावरच्या फाइल्सही लॉक करेल.

डिफेंडर निर्दोष आहे असं नाही, मे 2017 मध्ये त्याच्याच इंजिनात गंभीर भोक सापडलं होतं, ते काही दिवसांत बुजवलं. त्याच्या आदल्या वर्षी नॉर्टन या पैशांच्या अँटीव्हायरसमध्ये असं भोक निघालं की नुसता मेल आला, उघडला नाही तरी मशीन हातचं जाऊ शकत होतं. इतक्या आतपर्यंत शिरणारं सॉफ्टवेअर एकाच्या जागी दोन कशाला ठेवायचं हा माझा प्रश्न आहे.

माझ्यापुरतं तरी मी परत विकत घेणार नाही. आईच्या लॅपटॉपवर मात्र तोच जुना अजून आहे, पाच महिने शिल्लक आहेत, ती कुठल्याही लिंकवर क्लिक करते म्हणून लगेच काढायचं धाडस झालं नाही. फक्त एचटीटीपीएस स्कॅनिंग बंद केलं आणि तिच्या बँकेचं सर्टिफिकेट उघडून बघितलं, ते आता बँकेचं स्वतःचंच दिसतंय.