आईचं ऑपरेशन आणि ईसीजीवरचे साडेबारा चौकोन

धुळ्याच्या या हॉस्पिटलात आईचं पित्ताच्या खड्यांचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. सर्जनबद्दल इथे बरेच जण लिहितात. मला लिहायचंय ते भूलतज्ज्ञ मॅडमबद्दल.

आम्ही पारोळ्याकडचे. आईला आठवडाभर उलट्या, वर खोकला. गावाकडे उलटीसाठी ओन्डान्सेट्रॉन आणि खोकल्यासाठी अझिथ्रोमायसिन चालू होतं. आधी दुसरीकडे काढलेल्या ईसीजीवर 'नॉर्मल' असा शेरा होता. मॅडमनी तो बाजूला ठेवला आणि नवा काढायला लावला. चिमट्यासाठी आईच्या बांगड्या स्वतः कोपरापर्यंत सरकवल्या. मग पेनाच्या टोकाने कागदावरचे बारीक चौकोन मोजले. साडेबारा. एक चौकोन ४० मिलिसेकंदांचा, म्हणजे क्यूटी, म्हणजे एका ठोक्याला हृदयातली वीज सुरू होऊन पेशी पुन्हा तयार होईपर्यंतचा वेळ, ५०० मिलिसेकंद. हा आकडा नाडीच्या वेगाप्रमाणे सुधारून घेतात, पण नाडी ६० च्या आसपास होती, त्यामुळे तसाच धरायचा. बाईमाणसाला ४६० च्या आत हवा.

आई घाबरली. "काय व्हयनं वं माय?" मॅडम अहिराणीतच म्हणाल्या, "काही नही व्हयनं, दोन दिन थांबुत."

मला भीती वेगळीच होती. अमेरिकेत माणसं मरतात ते फेंटानिल इथे भुलेत देतात, हे भाच्याने मोबाईलवर दाखवलं होतं. मी सरळ विचारलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि वीसेक मिनिटं समजावलं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, तेव्हा पेशी पुढच्या ठोक्याला तयार होते. ते दार अडलं की क्यूटी लांबतो आणि हृदय मध्येच वेडंवाकडं धडधडू शकतं. अफूच्या जातीच्या औषधांत हे दार अडवणारं मुख्य औषध मेथाडोन. त्यावर अमेरिकेत २००६ पासून ठळक इशारा छापतात. फेंटानिल नेहमीच्या डोसमध्ये क्यूटी फारसा लांबवत नाही. ते नाडी मंद करतं आणि श्वास दाबतं, म्हणून मॉनिटरवरून नजर हलवायची नाही. उलट घशात नळी घालताना शरीर जे दचकतं, ते फेंटानिलने आवरतं, आणि आईसारख्या हृदयाला तेच हवं असतं. आईचा क्यूटी लांबला होता तो त्या दोन गोळ्यांनी आणि उलट्यांत पोटॅशियम गेल्याने.

दोन्ही गोळ्या बंद झाल्या, सलाईनमधून पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दिलं. तिसऱ्या दिवशी ११ चौकोन भरले, नाडी तेवढीच. मग ऑपरेशन. झोपेसाठी गॅसऐवजी शिरेतून प्रोपोफॉल, दुखण्यासाठी फेंटानिल, उलटीसाठी डेक्सामेथासोन. संध्याकाळी आईने चहा मागितला.

तक्रारी दोन. तपासणीला सकाळी १० ला बोलावलं आणि नंबर दुपारी १ ला लागला. उपाशी म्हाताऱ्या माणसांना हे फार होतं. दुसरं, टाळायच्या औषधांची यादी मागावी लागली. खरं तर ती डिस्चार्जच्या कागदासोबत मराठीत आपणहून मिळायला हवी.

बिलात भूलतज्ज्ञांची फी वेगळी लावतात म्हणून काउंटरवर लोक भांडताना पाहिले. मी ती फी आनंदाने भरली. त्या यादीची एक झेरॉक्स गावच्या डॉक्टरांना दिलीय, दुसरी आईच्या बटव्यात आहे.