हिप्पी मूल्ये आणि पक्षाची शिस्त : एका श्राव्य व्याख्यानमालेचे परीक्षण

आठ भागांची ही इंग्रजी व्याख्यानमाला मी गेल्या दोन आठवड्यांत पूर्ण ऐकली आणि त्यातील तिसरा व सहावा हे भाग पुन्हा ऐकले. वर्गणी भरून ऐकायच्या एका ॲपवर ती उपलब्ध आहे. निर्मात्यांचे आणि व्याख्यात्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी मांडायच्या आहेत आणि त्या व्यक्तीबद्दल नसून मांडणीबद्दल आहेत. मालेचा प्रश्न एकच आहे : हिप्पींची, म्हणजे 1960 च्या दशकात अमेरिकेत रूढ जीवनरीत नाकारून मोकळेपणाने जगू पाहणाऱ्या तरुणांची, मूल्ये मुख्य प्रवाहातील पक्षीय राजकारणात बसतात का? व्याख्यात्याचे उत्तर ‘बऱ्याच अंशी बसतात’ असे आहे. माझे मत त्याहून वेगळे झाले, आणि ते ही माला ऐकूनच झाले, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. हिप्पींना जे हवे होते त्यातले पुष्कळसे पक्षांनी उचलले. पण ते ज्या रीतीने जगू पाहत होते, ती रीत पक्षाच्या उंबरठ्याबाहेरच ठेवावी लागली.

पहिल्या भागात व्याख्याता शब्दांचे अर्थ नीट लावून घेतो आणि ते फार गरजेचे होते. केस वाढवलेला प्रत्येक तरुण हिप्पी नव्हता. 14 जानेवारी 1967 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये जो मोठा मेळावा भरला, त्यात दोन वेगळे प्रवाह एकत्र आले होते : एकीकडे जवळच्या बर्कली या विद्यापीठाच्या शहरातले व्हिएतनाम युद्धविरोधी कार्यकर्ते, ज्यांना सभा, मागण्या आणि मोर्चे हवे होते; आणि दुसरीकडे सॅन फ्रान्सिस्कोतल्या हेट-ॲशबरी या हिप्पी वस्तीची मंडळी, ज्यांना सरकारकडे मागायचे असे फारसे काही नव्हतेच. याच वस्तीतला ‘डिगर्स’ हा गट पॅनहँडल बागेत लोकांना फुकट जेवू घालत असे. जेवणाआधी प्रत्येकाने एका मोठ्या पिवळ्या लाकडी चौकटीतून पलीकडे पाऊल टाकायचे आणि मग आपली वाटी पुढे करायची, एवढाच काय तो विधी. भुकेल्यांसाठी कायदा करा असे हा गट म्हणत नव्हता. तो पातेले चुलीवर चढवत होता. पक्षाची भाषा ‘आम्हाला निवडून द्या, मग करू’ अशी असते आणि हिप्पीची भाषा ‘आज, इथे, आपणच करू’ अशी असते. हा काळाचा फरक व्याख्यात्याने इतका स्वच्छ दाखवला आहे, की पुढच्या भागांत तो स्वतःच त्याला विसरतो याचे वाईट वाटते.

दुसरा भाग वुडस्टॉकचा आहे. ऑगस्ट 1969 मधील त्या संगीत महोत्सवाबद्दल इतके बोलले गेले आहे की नवे काही मिळेल अशी अपेक्षा नव्हती, आणि बहुतांश भाग तसाच निघाला. एक प्रसंग मात्र विषयाच्या गाभ्याला भिडतो. ‘द हू’ या रॉक बँडचे वादन चालू असताना ॲबी हॉफमन हा युद्धविरोधी कार्यकर्ता मंचावर चढला आणि माइक हाती घेऊन जॉन सिंक्लेअर या कवी-कार्यकर्त्याविषयी बोलू लागला. गांजाच्या दोन सिगारेटी दिल्याबद्दल सिंक्लेअरला दहा वर्षांची शिक्षा झाली होती. बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंडने हॉफमनला गिटारने ढकलून मंचावरून घालवून दिले. व्याख्याता हा किस्सा रंजक म्हणून सांगतो आणि पुढे जातो. मला वाटते, तिथे थांबायला हवे होते. लाखो माणसे जमलेली, कारण न्याय्य, श्रोते सहानुभूतीचे. तरीही भाषण करू पाहणारा माणूस तिथे उपरा ठरला. आणि ज्या मॅक्स यासगरने त्या महोत्सवासाठी आपली जमीन भाड्याने दिली, तो दुग्धव्यावसायिक रिपब्लिकन विचारांचा आणि व्हिएतनाम युद्धाला पाठिंबा देणारा होता. पक्षाने केलेल्या विभागणीत न बसणारी अशी सहजीवनाची जागा तीन दिवस उभी राहिली होती, हे या विषयावरच्या चर्चेत दुर्लक्षित राहू नये.

तिसरा भाग हा मालेचा सर्वोत्तम भाग आहे. 1968 च्या सुरुवातीला डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर यूजीन (‘जीन’) मॅकार्थी युद्धविरोधाच्या मुद्द्यावर स्वपक्षाच्याच अध्यक्षाविरुद्ध, म्हणजे लिंडन जॉन्सन यांच्याविरुद्ध, उमेदवारीसाठी उभे राहिले आणि न्यू हॅम्पशायरच्या कडाक्याच्या थंडीत हजारो विद्यार्थी त्यांच्यासाठी घरोघरी प्रचाराला गेले. त्यासाठी मुलांनी दाढ्या काढल्या, केस कापले, टाय बांधले. मुलींनी साधे, नीटनेटके कपडे घातले. ‘क्लीन फॉर जीन’, म्हणजे ‘जीनसाठी नीटनेटके’, ही त्यांची घोषणा होती. ज्यांनी केस कापायचे नाकारले, त्यांना मतदारांसमोर न पाठवता आतल्या खोल्यांत पाकिटे भरण्याच्या कामाला बसवले जाई. 12 मार्चच्या मतदानात मॅकार्थींना सुमारे 42 टक्के मते मिळाली, जॉन्सन यांना सुमारे 49. आणि त्याच महिन्याच्या 31 तारखेला जॉन्सन यांनी आपण पुन्हा उमेदवार असणार नाही असे जाहीर केले.

इथे व्याख्याता कोणताही निष्कर्ष न लादता त्या मुलांच्या बाजूने बोलतो, आणि ते मला मनापासून भावले. युद्ध थांबावे म्हणून आपले केस उतरवणे ही लाचारी नव्हती. तो मोठा त्याग होता. त्या काळी लांब केस म्हणजे नुसती हौस नव्हती. सैन्यात जाणार नाही, बापासारखी नोकरी करणार नाही, सजावटीपुरते जगणार नाही, असे सगळे त्या केसांत बोलले जात होते. तेच उतरवल्याशिवाय मतदाराचे दार उघडत नव्हते. म्हणजे पक्षाला त्यांचा मुद्दा चालत होता, ते स्वतः जसे होते तसे चालत नव्हते. पुढे ऑगस्टमध्ये पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली ती एकही प्राथमिक निवडणूक (उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांत होणारे पक्षांतर्गत मतदान) न लढलेल्या उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांना, आणि बाहेर रस्त्यांवर पोलिसांच्या लाठ्या चालल्या. केस कापलेल्या मुलांच्या हाती त्या रात्री काय उरले असेल, हा विचार मला ऐकताना आणि नंतरही सोडत नव्हता.

1972 च्या अध्यक्षीय निवडणुकीतील डेमोक्रॅट उमेदवार मॅकगव्हर्न यांच्या पराभवावरचा चौथा भाग ठीक आहे. 1971 मध्ये मतदानाचे वय 18 झाले, युद्धविरोधी उमेदवार उभा राहिला आणि तरी निक्सन यांनी 49 राज्ये जिंकली, एवढे सांगून तो भाग संपला असता तरी चालले असते.

पाचव्या भागाशी माझा स्पष्ट मतभेद आहे. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राउन हे ‘हिप्पी मूल्ये सत्तेत नांदू शकतात’ याचा पुरावा म्हणून व्याख्यात्याने उभे केले आहेत. 1975 मध्ये पदावर आल्यावर त्यांनी नवे प्रशस्त निवासस्थान नाकारले, भाड्याच्या सदनिकेत जमिनीवर गादी टाकून राहिले, साधी प्लिमथ गाडी वापरली. हे सारे खरे आहे आणि आदर वाटावे असे आहे. पण ब्राउन तरुणपणी काही वर्षे जेझुइट या कॅथलिक पंथाच्या धर्मविद्यालयात होते आणि त्यांचे वडीलही त्याच राज्याचे गव्हर्नर होते. त्यांचा साधेपणा मठातून आलेला, आणि राजकारण घरातून आलेले. संयम आणि शिस्त यांतून येणारे अपरिग्रहाचे व्रत वेगळे आणि मोकळेपणातून येणारी बेफिकिरी वेगळी. दोन्हीत माणूस जमिनीवरच झोपतो, एवढ्यावरून दोघांना एक मानणे म्हणजे वरवर पाहणे होय.

सहाव्या भागात माला जर्मनीत जाते, आणि इथे खरा कस लागतो, कारण तिथे या मूल्यांना मानणाऱ्या लोकांनी दुसऱ्याच्या पक्षात न शिरता स्वतःचा पक्ष काढला. जानेवारी 1980 मध्ये कार्ल्सरूहे येथे ग्रीन पक्षाची स्थापना झाली. त्यात पर्यावरणवादी, शांततावादी, स्त्रीवादी आणि डावे असे अनेक प्रवाह होते. सगळे हिप्पी होते असे म्हणणे चूक ठरेल, पण हिप्पींच्या पिढीचे संस्कार त्यांच्या नियमांत जागोजागी दिसतात. मार्च 1983 मध्ये 5.6 टक्के मते मिळवून त्यांचे 28 प्रतिनिधी संसदेत आले. काहींनी फुलझाडांच्या कुंड्या बरोबर आणून बाकांवर ठेवल्या. त्यांनी ठरवले होते, की निवडून आलेल्याने दोन वर्षांनी आपली जागा दुसऱ्याला द्यायची, आणि मानधनातले कुशल कामगाराच्या वेतनाएवढेच स्वतःकडे ठेवून उरलेले पर्यावरणनिधीत टाकायचे. कोणी ‘साहेब’ होऊ नये यासाठी एखाद्या पक्षाने स्वतःवर इतके कडक नियम घालून घेतल्याची उदाहरणे विरळा.

हे नियम का टिकले नाहीत, याचे वर्णन या भागात अतिशय प्रामाणिक आहे. दोन वर्षांत माणूस संसदेचे कामकाज शिकतो तोच जायची वेळ येते. ज्या पेट्रा केली यांनी ‘पक्षविरोधी पक्ष’ ही कल्पना मांडली, त्यांनीच 1985 मध्ये जागा सोडायला नकार दिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये योश्का फिशर यांनी हेसे राज्याचे मंत्री म्हणून पांढरे खेळाचे बूट घालून शपथ घेतली. ते बूट आज ऑफेनबाखच्या चर्मवस्तू संग्रहालयात आहेत. फिशर स्वतः 1998 मध्ये देशाचे परराष्ट्रमंत्री झाले ते उत्तम सुटात. मे 1999 मध्ये कोसोव्होतील लष्करी कारवाईवरून पक्षाच्याच अधिवेशनात त्यांच्यावर लाल रंगाने भरलेली पिशवी फेकली गेली आणि त्यांच्या कानाचा पडदा फाटला.

यानंतर मी ज्या प्रसंगाची वाट पाहत होतो, तो व्याख्यात्याने दोन वाक्यांत उरकला. माझी या मालेविरुद्धची सर्वांत मोठी तक्रार ती हीच. 16 नोव्हेंबर 2001 रोजी ग्रीन पक्षाच्या साथीने सरकार चालवणारे चान्सलर श्रोडर यांनी अफगाणिस्तान मोहिमेत सैन्य पाठवण्याचा निर्णय स्वतःवरील विश्वासमताशी जोडला. ग्रीन पक्षाच्या आठ खासदारांचा सैन्य पाठवायला विरोध होता. आठही जण विरोधात गेले असते तर सरकार पडले असते. म्हणून त्यांनी आपसांत वाटणी केली : चौघांनी विरोधात मत द्यायचे आणि चौघांनी बाजूने. 334 मते लागत होती, 336 मिळाली. बाजूने मत देणाऱ्या त्या चौघांना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी कोणीही चांगला माणूस कदाचित तेच करेल. पण आठ जणांची एकच सदसद्विवेकबुद्धी चार-चार अशी वाटून देणे हे ज्या व्यवस्थेत शहाणपणाचे ठरते, त्या व्यवस्थेत ‘जे मानतो तेच जगतो’ या मूल्याला जागा कुठे, हा प्रश्न व्याख्यात्याने विचारायला हवा होता.

सातव्या भागात 22 एप्रिल 1970 च्या पहिल्या वसुंधरा दिनाची हकिगत आहे. विस्कॉन्सिनचे डेमोक्रॅट सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी तो दिवस सुचवला आणि वर्षअखेरीस रिपब्लिकन निक्सन यांच्या कारकिर्दीत पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली. व्याख्याता याला मिलाफ म्हणतो. मला यात उलट दिसते : नद्यांचा आणि हवेचा मुद्दा कोट घातलेल्या माणसांनी पुढे नेला, म्हणूनच तो दोन्ही पक्षांत गेला. ॲमस्टरडॅमचा उल्लेख मात्र संपूर्ण मालेत नाही, ही मोठी उणीव आहे. 1970 मध्ये तिथल्या ‘काबाउटर’ या हिप्पी वळणाच्या गटाने नगर परिषदेच्या 45 पैकी 5 जागा जिंकल्या होत्या. पक्ष आणि जीवनरीत यांची गाठ देशापेक्षा शहराच्या पातळीवर, जिथे रस्ता, सायकल आणि मोकळी घरे हेच विषय असतात, तिथे सैल बसते की घट्ट, हे तपासायची उत्तम संधी वाया गेली आहे.

सेवेबद्दल थोडेसे. ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, व्याख्यात्याची गती सावकाश आहे आणि नावे तो दोनदा उच्चारतो, त्यामुळे इंग्रजीची फार सवय नसलेल्यालाही अडचण येऊ नये. सोबतच्या लिखित संहितेत मात्र जर्मन नावांच्या इतक्या चुका आहेत, की तिच्या आधारे पुढे काही शोधता येत नाही. मी तसे कळवले, अजून उत्तर आलेले नाही. आठवा भाग आधीच्या सात भागांची उजळणी आहे आणि तो सोडून दिल्याने काहीच बिघडत नाही. ज्यांच्याकडे वेळ कमी आहे, त्यांनी तिसरा आणि सहावा एवढे दोनच भाग, याच क्रमाने, ऐकावेत. आणि सहावा संपल्यावर 2001 च्या त्या मतदानाबद्दल स्वतंत्रपणे वाचून घ्यावे.