3 लिटरचा कुकर, एकट्या माणसासाठी: नऊ महिन्यांनंतर

मी मूळचा बार्शीचा. मकरपुरा जीआयडीसीत नोकरी लागली आणि बडोद्याला आलो, दांडिया बाजारात खोली घेतली. आजूबाजूला गायकवाडांच्या काळापासून राहिलेली मराठी घरं, त्यामुळे बोलायला परकं वाटलं नाही. जेवायला वाटलं. पहिले चार महिने डबा लावला होता. डबा वेळेवर यायचा, बाईंच्या हाताला चव होती. पण डाळीत गूळ असायचाच, इथली रीतच ती. रोज रात्री ती गोड डाळ भातावर घेताना घरची येसर आमटी आठवायची. शेवटी ऑगस्टमध्ये मांडवीकडच्या भांड्यांच्या दुकानातून 3 लिटरचा स्टीलचा कुकर आणि आत बसणारे दोन डबे घेतले. सगळे मिळून 1,850 रुपये.

खोलीत गॅस नाही, इंडक्शन शेगडी आहे. अशा शेगडीवर साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. बुडाला लोहचुंबक चिकटत असेल तरच घ्या. मी चुंबक खिशात घेऊनच गेलो होतो. पहिल्या कुकरला तो चिकटला नाही, तेव्हा दुकानदारांनी स्वतःच वरच्या फळीवरून हा काढून दिला.

आल्याआल्या डाळ भिजत घालतो. अंघोळ, कपडे होईपर्यंत वीस मिनिटं जातात. खालच्या डब्यात तूरडाळ, हळद, हिंग आणि तेलाचे दोन थेंब, म्हणजे फेस वर येत नाही. वरच्या डब्यात तांदूळ. कुकरच्या तळाला दोन पेले पाणी. डाळीचा डबा अर्ध्याच्या वर भरू नका. पातेल्यात पाणी 100 अंशांपुढे जात नाही, कुकरात ते 120 च्या आसपास जातं, म्हणून तर डाळ एवढ्या लवकर मऊ होते. पहिल्या शिट्टीपर्यंत 1200 वॉट ठेवतो, मग 600 वर आणतो. तसं केलं नाही तर शिट्ट्या भराभर होतात आणि डाळ कण्याकण्यांची राहते. शेवग्याच्या शेंगा मात्र कुकरात घालू नका, पार गळून जातात. रविवारी खंडेराव मार्केटातून आणतो (सयाजीरावांच्या काळातली, 1906 ची इमारत आहे, नुसती बघायलासुद्धा जावं) आणि आमटीतच शिजवतो.

वॉट कमी करायचं आईनं शिकवलं, तेही फोनवरून. रात्री आठला फोन स्पीकरवर टाकतो आणि कांदा चिरत बोलतो. काहीही विषय चालू असू दे, शिट्टी ऐकली की ती मध्येच म्हणते, "दोन झाल्या रे, बारीक कर." तिच्याकडचीही शिट्टी मला ऐकू येते. कधी दोन्हीकडची एकदमच होते, मग दोघंही आपापल्या शेगडीकडे जातो.

जानेवारीत वडिलांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. मला सुट्टी मिळाली नाही. ते मला अजून लागलेलं आहे. त्या संध्याकाळी भावाशी बोलता बोलता तळाला पाणी जेमतेम घातलं आणि कुकर विसरलो. झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गेला, वाफ भस्सकन छताला. हातपाय थरथरत होते. नंतर कळलं की पाणी संपून कुकर फार तापला की आतला धातू वितळून वाफ सुटावी, त्यासाठीच तो असतो. नवा 60 रुपयांना मिळाला. त्याच कंपनीचाच बसवा, दुसरा चालवून घेऊ नका.

सातव्या महिन्यात रिंग सैल पडली. कडेनं वाफ जायची, शिट्टीच होईना. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अरे, दहा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेव, आवळते." त्यांच्याच फ्रीझरमध्ये ठेवली, दोन आठवडे निघाले, मग नवी आणली. रिंग रोज काढून धुवावी लागते, नाहीतर डाळीचा आंबूस वास बसतो. कानाचा स्क्रू दर महिन्याला पिळावा लागतो, एवढ्या किमतीच्या भांड्याला हे शोभत नाही.

एकट्याला 3 लिटर बरोबर आहे. 2 लिटरमध्ये दोन डबे बसत नाहीत आणि भात आधी, डाळ नंतर असं करायला कामावरून आल्यावर अंगात जोर नसतो. दोघांना दोन्ही वेळचं एकदम करायचं तर मात्र 5 लिटरचा बघा. जूनमध्ये धाकटा भाऊ इथंच अप्रेंटिसशिपला येतोय. कुकर आणू नकोस म्हणून सांगितलंय, येसर मात्र दोघांना पुरेल एवढं आण.