स्कॅनवरून मागवलेलं नाइटगार्ड: बसतं झकास, बाइटकडे लक्ष द्या

आधी निकाल, कारणं मागून. तोंडाच्या स्कॅनवरून कॉम्प्युटरवर डिझाइन केलेलं नाइटगार्ड, म्हणजे झोपताना दातांवर चढवायचं कवच, दातांवर जसं बसतं, तसं माप घेऊन बनवलेलं माझं आधीचं एकही बसलं नव्हतं. या बाबतीत पैकीच्या पैकी गुण. पण दातांवर बसणं हे अर्धंच काम झालं. वरच्या दातांवर गार्ड चढवल्यावर खालचे दात त्यावर कसे टेकतात, म्हणजेच बाइट, हे उरलेलं अर्धं. तिथे स्कॅनवरून गार्ड बनवून पाठवणाऱ्या या सेवा गाफील आहेत, आणि आपणही गाफील राहावं अशीच त्यांच्या फॉर्मची रचना असते. कंपनीचं नाव लिहीत नाही. मागवण्याआधी मी अशा बऱ्याच सेवांचे फॉर्म वाचून काढले, सगळ्यांचा साचा जवळपास एकच होता.

मी टूलरूमच्या तपासणी विभागात काम करतो. दिवसभर हातात मायक्रोमीटर आणि गेज, त्यामुळे मोजल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही ही सवय अंगात मुरलेली. आणि रात्री झोपेत मी दात खातो. वरच्या सुळ्यांची टोकं घासून सपाट झालीत, खालच्या एका दाढेवरचं इनॅमल जाऊन आतला पिवळसर थर दिसायला लागलाय, सकाळी उठलो की कानशिलं ठणकतात आणि जिभेच्या कडेवर दातांचे ठसे उठलेले असतात. इनॅमल एकदा गेलं की परत येत नाही, म्हणून गार्ड. इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण बरेच जण भलत्या अपेक्षेने मागवतात आणि मग एक तारा देतात: नाइटगार्डमुळे दात खाणं थांबेलच असं नाही. जबडा दाबायचा तो दाबतोच. फक्त झीज दाताऐवजी गार्डच्या वाट्याला येते आणि दाब दोन-चार दातांवर न येता सगळ्यांवर वाटला जातो.

याआधी गरम पाण्यात बुडवून चावायचं ते दुकानी गार्ड वापरून झालं होतं. ते तोंडात इतकं मोठं वाटायचं की झोपेतच काढून फेकलं जायचं. मग डेंटिस्टकडे ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरून माप दिलं, प्लॅस्टरचा साचा झाला, त्यावर गरम प्लॅस्टिकची शीट ओढून मऊ गार्ड बनलं. ते घातल्यावर मी जास्तच चावतोय असं वाटायचं. रबर तोंडात आलं की चघळणारच. याबद्दल वाचताना दंततज्ज्ञ जेफ्री ओकेसन यांचा 1987 चा अभ्यास सापडला: दहा जणांपैकी आठ जणांमध्ये कडक गार्डमुळे जबड्याच्या स्नायूंची रात्रीची हालचाल कमी झाली, तर मऊ गार्डमुळे पाच जणांमध्ये ती उलट वाढली. दहाच माणसं म्हणजे नमुना लहान, त्यावर मी कारखान्यात एक लॉटही पास करणार नाही. पण माझा अनुभव त्याच बाजूचा होता, म्हणून या वेळी कडक गार्ड घ्यायचं ठरवलं.

स्कॅन माझ्या डेंटिस्टनेच केला. हे तंत्र काही कालपरवाचं नाही, तोंडात कॅमेरा घालून खुर्चीपाशीच सिरॅमिकचं फिलिंग बनवण्याची सुरुवात झ्युरिकला 1985 मध्ये झाली. आता यंत्र जाड पेनासारखं आहे. टोकाला आरसा असतो, तो वाफेने धुरकट होऊ नये म्हणून गरम ठेवलेला. ते दातांवरून सावकाश फिरवत न्यायचं: आधी चावण्याची बाजू, मग जिभेकडची, मग गालाकडची. पडद्यावर दात तुकड्या-तुकड्याने उगवत जातात आणि सॉफ्टवेअर ते तुकडे एकमेकांना जोडत जातं. थुंकी चमकली की तिथे खोटी गाठ दिसते, गाल मध्ये आला की भोक पडतं. सगळ्यात छळ शेवटच्या दाढेच्या मागच्या बाजूचा. तिथपर्यंत टोक पोचवायला तोंड किंचित मिटावं लागतं, मोठं उघडलं तर जबड्याचं हाड आडवं येतं. मला लगद्याच्या ट्रेने उलटीची भावना व्हायची, इथे तसलं काही झालं नाही. ज्यांना त्या ट्रेची धास्ती आहे त्यांनी एवढ्या एका कारणासाठीही स्कॅन करावा.

फाइल मागून घ्या. ती तुमच्या दातांची आहे आणि पुढे कामाला येते. साधारण एसटीएल फाइल मिळते, म्हणजे दातांचा पृष्ठभाग हजारो बारीक त्रिकोणांत मांडलेला. गंमत म्हणजे या फाइलमध्ये नुसते आकडे असतात, एकक नसतं. दंतवैद्यकात सगळे ते मिलिमीटर धरून चालतात म्हणून निभावतं. मी ती घरी फुकटच्या व्ह्यूअरमध्ये उघडून फिरवून पाहिली. शेवटच्या दाढा पूर्ण आल्यात का, भोकं आहेत का, दातांभोवती थोडी हिरडी आली आहे का, हे पाहायला तज्ज्ञ असावं लागत नाही. माझ्या उजव्या शेवटच्या दाढेमागे एक भोक होतं. डेंटिस्टने तेवढाच भाग परत स्कॅन करून जोडला. लगद्याच्या मापात बुडबुडा आला असता तर सगळं माप पुन्हा द्यावं लागलं असतं.

मग ऑर्डर. वरचा जबडा, खालचा जबडा आणि बाइट अशा तीन फाइली चढवायच्या. कडक, मऊ की आतून मऊ-बाहेरून कडक ते निवडायचं, जाडी निवडायची. बनवण्याच्या पद्धती दोन: रेझिनचे, म्हणजे पातळ द्रव प्लॅस्टिकचे, थर प्रकाशाने कडक करत छापायचं, नाहीतर ॲक्रिलिकच्या चकतीतून कोरून काढायचं. कोरलेलं जास्त टणक आणि टिकाऊ, छापलेलं करायला सोपं. मी छापलेलं घेतलं.

या सेवेतली माझी सर्वात आवडती पायरी म्हणजे मंजुरीची. बनवण्याआधी डिझाइन ब्राउझरमध्ये दाखवतात आणि तुम्ही किंवा डेंटिस्टने हो म्हटल्यावरच छपाई. लोक इथे डोळे मिटून हो म्हणत असणार, कारण पडद्यावर सगळंच देखणं दिसतं. मी बराच वेळ तिथे रेंगाळलो. दात हिरडीकडे निमुळते होत जातात, त्या खोबणीत गार्ड शिरलं तर घालता-काढता येणार नाही, म्हणून सॉफ्टवेअर त्या जागा आधी बुजवून घेतं. किती बुजवायच्या त्यावर पकड ठरते. गार्ड आणि दात यांच्यात केसाच्या जाडीएवढी फट ठेवलेली असते, ती नसेल तर गार्ड दात आवळतं. खालचे दात जिथे टेकणार तिथे रंगीत ठिपके दाखवतात. शिवाय सगळे दात झाकलेत का ते पाहा. फक्त पुढचे दात झाकणारं छोटं गार्ड सुटसुटीत वाटतं, पण ज्या दातांना समोरून काहीच टेकत नाही ते कालांतराने वर-खाली सरकू शकतात आणि मग बाइटच बदलून बसते. माझ्या डिझाइनमध्ये शेवटची दाढ अर्धीच झाकली होती. शेरा लिहिला, सुधारित डिझाइन आलं. तक्रारीला जागा नाही.

पार्सल आल्यावर पहिलं काम मोजमाप. दाढांवर 2 मिलिमीटर जाडी मागितली होती, बॉल मायक्रोमीटरने 2.1 भरली. पुढे थोडी कमी, पण डिझाइनमध्ये होती तेवढीच. भिंगाखाली थरांच्या रेषा दिसतात, बोटाला लागत नाहीत. छपाईच्या आधाराचा एक बारीक खुंट मात्र घासायचा राहून गेला होता. तो डोळ्यांना दिसला नाही, जिभेने पहिल्याच मिनिटात शोधला आणि रात्रभर सोडला नाही. दातांवर चढवताना सारखा दाब द्यायचा, शेवटी बारीक ‘टक’ आवाज होतो आणि गार्ड जागेवर. ना डुलतं ना आवळतं. बोलताना जीभ किंचित जड होते, पण झोपेत भाषण कोण देतंय!

आणि मग तोंड मिटलं. दोन्ही बाजूंच्या शेवटच्या दाढा टेकल्या आणि बाकी सगळे दात हवेत. पुढे कागद आरपार सरकत होता. असं गार्ड तसंच वापरलं तर सगळा भार त्या दोन जागांवर आणि जबड्याच्या सांध्यावर. सकाळी कानाच्या पुढे दुखतं ते वेगळंच.

हे का होतं ते डेंटिस्टने समजावलं, आणि माझ्या मते या रिव्ह्यूतलं कामाचं काय असेल तर ते हेच. फॉर्ममध्ये बाइट मागतात ती दात पूर्ण मिटलेली. पण गार्डला जागा हवी, म्हणून सॉफ्टवेअर दोन्ही जबडे पडद्यावर उघडतं. उघडताना ते सरासरी माणसाचा जबड्याचा सांधा धरतं. तुमचा सांधा त्याहून वर, खाली, मागे असू शकतो, शिवाय जबडा नुसता फिरत नाही, सरकतोही. दाराच्या बिजागरीपाशी काडीपेटीची काडी अडकली तरी दार पुढे चांगलं हातभर उघडं राहतं. सांध्याजवळच्या दाढांवर थोडंसं जास्त रेझिन आलं की पुढे तशीच फट. म्हणजे स्कॅन अचूक, छपाई अचूक, आणि मधला अंदाज चुकीचा. प्रत्येक पार्ट ड्रॉइंगप्रमाणे आणि असेंब्ली मात्र बसत नाही, हे दुखणं मला ओळखीचं आहे.

डेंटिस्टने निळा कागद मध्ये ठेवून चावायला लावलं, निळे डाग पडले तिथे घासलं, पुन्हा कागद, पुन्हा घासणं. शेवटी सगळे मागचे दात एकदम टेकायला लागले. नंतर लाल कागद घेऊन जबडा डावी-उजवीकडे सरकवायला लावला. बाजूला सरकताना सुळ्यांनी भार घ्यावा आणि मागचे दात सुटावेत, म्हणून तिथला उतार नीट केला. बरंच घासल्यामुळे दाढांवरची जाडी मागितल्यापेक्षा कमी राहिली, ती मला खटकते. सेवेकडे तक्रार केली तर उत्तर आलं की गार्ड मंजूर डिझाइनप्रमाणेच आहे. ते खरंही आहे, आणि म्हणूनच जास्त चीड येते.

दुसरं गार्ड मागवताना फक्त एकच गोष्ट बदलली. डेंटिस्टने पुढच्या दातांमध्ये पातळ पट्ट्यांची गड्डी धरायला लावून जबडा हवा तेवढा उघडा ठेवला, थोडा वेळ स्नायू सैल होऊ दिले आणि त्याच स्थितीत बाइट स्कॅन केली. शेऱ्यात स्पष्ट लिहिलं की हीच बाइट वापरा, सॉफ्टवेअरमध्ये आणखी उघडू नका. दातांचे जुने स्कॅन तेच चालले. हे गार्ड आलं ते निळ्या कागदावर जवळजवळ बरोबर, किरकोळ घासण्यावर भागलं. दोन्हींची सेवा एक, मशीन एक, रेझिन एक.

वापराचं थोडक्यात: सुरुवातीला तोंडाला पाणी सुटतं, मग सुटायचं थांबतं. कानशिलांचं दुखणं कमी झालं, गेलं नाही. गार्डवर माझ्या सुळ्यांच्या रेघा दिसायला लागल्यात, म्हणजे ते काम करतंय. साफ करायला गार पाणी आणि मऊ ब्रश. टूथपेस्टने चरे पडतात, गरम पाण्याने आकार बिघडतो. हवा खेळणाऱ्या डबीत ठेवा. रंग थोडा पिवळट होतो, त्याला इलाज नाही. घरात कुत्रा असेल तर डबी उंचावर, कुत्र्यांना हे चावायला भारी आवडतं.

कोणी मागवू नये? घोरणं मोठं असेल किंवा झोपेत श्वास अडकत असेल तर आधी त्याची तपासणी करून घ्या, वरच्या जबड्याच्या गार्डने काही जणांचा तो त्रास वाढू शकतो. कॅप किंवा फिलिंगचं काम बाकी असेल तर ते आधी उरका, नाहीतर स्कॅन वाया. आणि जिथे डेंटिस्ट मध्ये नाहीच, घरी स्वतः माप घेऊन पाठवायचं आणि आलेलं घालायचं, ती सेवा मी तरी घेणार नाही. निळा कागद लावणारं कोणीतरी हवंच.

पाचपैकी साडेतीन तारे. फॉर्ममध्ये ‘बाइट कोणत्या स्थितीत घेतली: मिटलेली की उघडी’ असा सक्तीचा रकाना टाकला, तर साडेचार देईन. अर्धा तारा त्या खुंटाचा.